खोलीपेक्षा महाग नाणं

"मुलुंडची खोली मी घेतो, पद्मे, आणि हे नाणं तुला," बाबा गेल्यावर वाटणी करताना नंदूदादा कर्णाच्या थाटात म्हणाला. "अक्षरं दुहेरी उमटलीत. खोलीच्या दुप्पट किंमत येईल!" पद्मजाने बाबांचं भिंग डोळ्याला लावलं. टांकसाळीत साचाच दुहेरी कोरला असेल, तर दोन्ही अक्षरं सारखीच उठून दिसतात आणि असं नाणं खरंच मोलाचं असतं. इथे नाणं ठोकताना साचा हलला होता आणि त्याने मूळ अक्षरच चेपून बाजूला चपटी पायरी पाडली होती. असल्या नाण्याला बाजारात कुत्रं विचारत नाही, हे बाबांनी दोघांनाही शिकवलं होतं. पण बायकांच्या डोक्यात काही टिकत नाही, हा दादाचा जुना समज. सख्ख्या बहिणीला गंडवायचं, तेही इतक्या भिकार थापेने! पद्मजाने नाणं त्याच्याच तळहातावर ठेवलं. "एवढी मोलाची वस्तू थोरल्यानेच ठेवावी रे दादा. मला आपली खोली चालेल."