चिंगीच्या पोटातली चकती

मृणालिनीची मांजर चिंगी महिनाभर ओकत होती. मासळी बंद केली, दूध बंद केलं, तरी फरक पडेना. शेवटी खाल्लेलं अन्न ओळखून फोनवर कळवणारी चकती डॉक्टरांनी तिच्या पोटात सोडली.

संध्याकाळी मृणालिनीच्या फोनवर उत्तर आलं : वरणभात आणि रक्तदाबाचं औषध.

ती वडिलांच्या खोलीत गेली. "अप्पा, मी गोळी कालवून दिलेला भात तुम्ही चिंगीला घालता?"

"ती शेजारी येऊन बसते," अप्पा म्हणाले. "एकट्याला घास उतरत नाही गं. तू बसत जाशील का थोडा वेळ?"

दुसऱ्या दिवशी मृणालिनीने चिंगी मैत्रिणीला देऊन टाकली आणि तसलीच चकती अप्पांना गिळायला लावली. आता ऑफिसात बसून तिला त्यांचा प्रत्येक घास दिसतो.