कांदेपोहे नकोत

"पोह्यांचा ट्रे घेऊन मी कुणासमोर येणार नाही," मोनिकाने घरात ठणकावून सांगितलं होतं. आई चक्क "बरं बाई" म्हणाली. वर मामाने रविवारी सगळ्यांची पिक्चरची तिकिटं काढली. मोनिका खुशीत श्रीरामपूरला आली. आईने फक्त नवा ड्रेस तेवढा घालायला लावला.

थिएटरात तिला मधे बसवलं होतं, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मामा. पिक्चर झकास रंगला होता. इंटरव्हलला मामा गरम समोशांचा ट्रे घेऊन आला.

"मोने, वरच्या रांगेत वळखीची मंडळी हायेत. तेवढं देऊन ये."

ट्रे सांभाळत ती पायऱ्या चढली. वरच्या रांगेतले सगळे बोलायचे थांबून तिच्याकडेच बघत होते. टोकाचा मुलगा घाईघाईने कॉलर नीट करत होता. तिने चटकन मागे पाहिलं, तर मामा पायऱ्या अडवून उभा.



रांगेतल्या वयस्कर बाईंनी एक समोसा उचलला आणि नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "चाल सरळ हाय बरं का पोरीची."