बाणूबाईचा दिवा

कापसाच्या जिनिंग कारखान्यात यंत्राचा पट्टा फिरायच्या आधी घंटी वाजली. अडकलेली सरकी काढणाऱ्या बायांनी यंत्राच्या तोंडातून हात मागं घेतले. बाणूबाईचे आतच राहिले. शेजारणीनं तिला खांद्याला धरून ओढलं म्हणून हात वाचले, नुसता पदर यंत्रात गेला.

“बहिऱ्या बाईला उद्यापासून काम न्हाई,” मुकादम म्हणाला.

“तिला घंटी ऐकू येत न्हाई, तर दिसू द्या,” फिटर गुरुशांतप्पा म्हणाला. “उद्या दावतो. न्हाई जमलं तर मग काढा.”

हुमनाबादच्या त्या जिनात कापसाचे तंतू उडायचे, आगीच्या भयानं कंदिलाचं नाव काढायची सोय नव्हती. गुरुशांतप्पानं मोटारीची सहा व्होल्टची बॅटरी आणली. टॉर्चचा तीन व्होल्टचा इवला दिवा तिला जोडला, तो तिथंच जळाला. मग तसलेच दोन एकामागं एक जोडले. छान लागले, पण एक हलला की दोन्ही विझायचे. त्यानं ते काढूनच टाकले. जिवाचं काम, एक गेला तरी दुसरा लागायला हवा. मोटारीतलेच, सहा व्होल्टचे दोन बारके दिवे त्यानं घेतले आणि प्रत्येकाला बॅटरीपासून वेगळी तार दिली. घंटीच्या दोरीला कळ बांधली. दोरी ओढली की दिवे लागणार.

सकाळी तो भिंतीवर खिळे ठोकायला लागला, तशी बाणूबाई पुढं आली.

“तिकडं कामून ठोकायलास, अण्णा? माजी नजर हाताकडं असती.”

गुरुशांतप्पानं हातोडा खाली ठेवला. रात्रभर तारा जुळवल्या, पण हे काही सुचलं नव्हतं. त्यानं खिळे उपटले आणि दोन्ही दिवे यंत्राच्या तोंडाशी, तिच्या बोटांपासून वितीवर बसवले.

मुकादमानं तिची पाठ आपल्याकडं करवली आणि न सांगता दोरी ओढली. दिवे लागले. बाणूबाईचे हात रांगेत सगळ्यांच्या आधी बाहेर आले. मुकादमानं पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

“ऱ्हाऊ दे तिला,” तो म्हणाला आणि निघून गेला.

गुरुशांतप्पा उरलेली तार गुंडाळत होता. टोकाला बसणारी लिंगम्मा उठून त्याच्याजवळ आली. आधी दाराकडं बघितलं, मग हळूच म्हणाली,

“मलाबी एक बसव, अप्पा. घंटी धड ऐकू येत न्हाई. मुकादमाला सांगू नगस.”

तिच्या मागं आणखी दोघी उभ्या होत्या.

गुरुशांतप्पानं गुंडाळलेली तार पुन्हा सोडली.