शनिवारचं तेल

मेकॅनिकने ब्रेकच्या लोखंडी डिस्कला काट्याचा गेज टेकवला आणि डिस्क हळूहळू फिरवली. यमुताईंचा सगळा जीव त्या काट्यात अडकला होता. काल घाटात ब्रेक दाबताच गाडी उजवीकडे ओढली गेली आणि सून केतकी कठड्यापाशी जेमतेम थांबली.

"काटा जागचा हलत नाही. डिस्क सरळ आहे, झिजलेलीही नाही," मेकॅनिक म्हणाला.

"म्हणजे माझंच चालवणं वाकडं," केतकी हसली. सकाळी नवऱ्याने तिला तेच ऐकवलं होतं.

यमुताई पदराचं टोक पिळत राहिल्या. मेकॅनिकने डाव्या चाकाचा ब्रेकपॅड काढून हुंगला. "हा तर तेल प्यायलाय, मग ही बाजू धरणार कशी? तिळाचं. ते इथे कुठून आलं?"

यमुताईंच्या हातातून पदर सुटला. केतकी घाटापलीकडच्या शाळेत रुजू झाल्यापासून मारुतीला वाहून उरलेलं तेल त्या दर शनिवारी अंगणाकडच्या डाव्या चाकात, आतल्या चकचकीत लोखंडावर सोडत होत्या. पोरीवरची पीडा टळावी म्हणून.

केतकीने सासूच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. "मीच घातलं असेल. चाक कुरकुरत होतं."

"नाही हो दादा," यमुताई हळूच म्हणाल्या. "तिने नाही. मी."

पॅड बदलले. पुढच्या शनिवारी देवळातून आल्यावर यमुताई तेलाची वाटी घेऊन गाडीपाशी न थांबता पुढे गेल्या आणि पायरीवर टेकल्या.

"ये गं, बस खाली," त्यांनी केतकीला हाक मारली. "तुझ्याच डोक्यावर घालते."