साखरपाणी

दर रविवारी रोसाउरा साखरपाणी करायची आणि नवरा एफ्राइन ते लाल बाटल्यांत भरून इक्वेडोरमधल्या मिंदोच्या जंगलात टांगायचा. मग दिवसभर ते प्यायला हमिंगबर्ड पक्षी बाटल्यांभोवती भिरभिरायचे आणि याची दुर्बीण काही डोळ्यांवरून खाली यायची नाही.

आज तिने नवीकोरी लाल लिपस्टिक लावली होती.

"कशी दिसतेय मी?"

"हळू बोल गं, उडतील ना ते!" मान न वळवताच तो म्हणाला.

रोसाउरा बाटल्यांपाशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात अंगठ्याएवढा एक जांभळा पक्षी भुर्रकन आला आणि बाटली सोडून थेट तिच्या ओठांना चोच लावून हवेतच तरंगत राहिला.

"हलू नकोस! रोसा, अजिबात हलू नकोस!"

एफ्राइनने दुर्बीण खाली ठेवली. पक्षी उडून गेला तरी तो वेड्यासारखा तिच्याकडेच बघत होता. मग धावत आला, तिला उचलून गरकन फिरवलं आणि तिच्या ओठांवर ओठ टेकले. दुसऱ्याच क्षणी त्याने स्वतःच्या ओठांवरून जीभ फिरवली.

"अगं, हे तर आपलं साखरपाणी!"

 

"मग? तुला जवळ आणायला दुसरं काय लावणार होते?"