निरोपाचे पाच गुण

हवालदार भूषण स्वाहिलीत नापास झाला.

असं काही घडलेलं नाही. निकालाचा कागद फाडला गेला आहे, त्याची दुसरी प्रत नाही, त्यामुळे वरचं वाक्य आपणही वाचलेलं नाही.

झाशीच्या छावणीतल्या भाषा प्रशिक्षण केंद्रात परीक्षेसाठी एक आफ्रिकी घर उभारलं होतं. चार बांबू, एक ताडपत्री आणि चौकटीसकट एक दार. घरमालक म्हणून खुर्चीत या खेपेला मेजर जुमा बसले होते. ते मात्र खरोखरच टांझानियाहून आले होते. शांतिसेनेत जाणाऱ्या जवानाने दारात 'होडी' म्हणायचं, म्हणजे 'आत येऊ का'. (झाशीत होडी कशाला, हे पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारून झालं होतं.) मग आत जाऊन विहीर कुठे आहे ते विचारायचं आणि 'नाएन्दा', म्हणजे 'मी जातो', असं म्हणून निघायचं. निरोपाला पाच गुण. पण निरोप चुकला की सगळ्यातच नापास. परक्या गावात धड निरोप न घेता उठणारा माणूस चोर वाटतो, असं केंद्र चालवणाऱ्या अनुराधाबाईंचं म्हणणं होतं आणि नियमही त्यांचाच होता.

भूषण या पाच गुणांवर आधी दोनदा आपटला होता. ही तिसरी आणि शेवटची खेप. आज गेला की तुकडीच्या यादीतून नावच जाणार. बाकी त्याची स्वाहिली सुरेख होती. विहीर तर तो अशी विचारायचा, की नसली तर समोरच्याने खणून द्यावी. पण निघताना दरवेळी म्हणायचा, 'नाकुजा'. म्हणजे 'मी येतो'. आणि जायचा.

"हवालदारसाहेब, आज फक्त 'नाएन्दा' म्हणा, बस," अनुराधाबाई म्हणाल्या. "तुम्ही 'येतो' म्हणता और चल देते हो. समोरच्याने काय समजायचं?"

"तोंडातून निघत नाही, मॅडम. घरी पाठ करत होतो, तर जाईनं अर्थ विचारला." जाई म्हणजे त्याची बायको. दोघं प्रेम नगरात राहत. "सांगितला, तर म्हणाली, नापास झालात तरी चालेल, पण उंबऱ्यावरून 'जातो' म्हणायचं नाही. शपथ घातलीय."

"अहो, पण ते स्वाहिलीत आहे!"

"तेच म्हणालो. म्हणाली, देवाला सगळ्या भाषा येतात."

अनुराधाबाईंचं घर खंडेराव गेटपाशी. घर मराठी, पण आठ पिढ्या झाशीत मुरलेलं. तिथे निघताना सगळे 'चलते हैं' म्हणत.

"मला 'येतो'चा भरवसा नाही, भैया," त्या म्हणाल्या. "आमचे मूळपुरुष वाईजवळच्या कुठल्याशा गावातून 'येतो' म्हणूनच निघाले होते. अडीचशे वर्षं झाली. आम्ही इथेच आहोत."

भूषण आत गेला. होडी झाली, विहीर झाली. मग तो उठला, दारात थांबला आणि 'ना' म्हणाला. दोन्ही शब्द 'ना'नेच सुरू होतात.

"...कुजा," भूषण म्हणाला आणि सायकलवर बसून घरी गेला.

तो शेवटचा उमेदवार होता. अनुराधाबाईंनी लाल पेनाने 'नापास' लिहिलं. लिहिण्याआधी पेन दोनदा झटकलं, पण दुर्दैवाने शाई होती.

परीक्षेचं घर उतरवायला माणसं आली. मेजर जुमा खुर्चीतून उठेनात. ताडपत्री निघाली, बांबू निघाले, चहा येऊन गार झाला. शेवटी मैदानात एक दार आणि दारासमोर एक मेजर, एवढीच आफ्रिका उरली.

"सर, परीक्षा संपली," अनुराधाबाई स्वाहिलीत म्हणाल्या.

"तो 'नाकुजा' म्हणून गेलाय," मेजर म्हणाले. "आमच्या घरातून बाहेर पडणारा हेच म्हणतो. तो परत येईपर्यंत माझी आई त्याचं ताट उचलत नाही."

"पण पुस्तकात 'नाएन्दा' आहे!"

"ते पाहुण्यांसाठी. अकरा जण पाहुण्यासारखे गेले. हा एकटा घरच्यासारखा गेला. बोलवा त्याला. मीही जेवायचा थांबलोय."

भूषणला फोन गेला. तो सायकलवर परत आला. मागे जाई, तिच्या हातात डबा. मेजरांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि पाचपैकी पाच दिले.

"पास झालात. म्हणजे आता वर्षभर जाणार," जाई रिकामा डबा लावत म्हणाली.

"येणार," भूषण म्हणाला.

तिने डब्याचं झाकण पुन्हा उघडून पुन्हा लावलं.

अनुराधाबाईंनी निकालाचा कागद फाडला. मग केंद्राच्या छापील कागदावर स्वच्छ अक्षरात एक अर्ज लिहिला आणि आवक-जावक रजिस्टरात त्याला रीतसर क्रमांकही दिला:

'प्रति, माननीय सरपंच, वाईजवळील गाव (नाव घरात कोणालाही आठवत नाही). महोदय, आमचे मूळपुरुष सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या गावातून "येतो" असे सांगून निघाले असून अद्याप परतलेले नाहीत. सदर अनुपस्थिती अल्पमुदतीची रजा समजून नियमित करण्यात यावी आणि तोपर्यंत त्यांचे ताट उचलू नये, ही विनंती.'