आईच्या नावाचा रकाना

दार उघडताच त्याने दाखल्याची प्रत माझ्या तोंडासमोर धरली. त्यावर आईचं नाव म्हणून माझं पूर्ण नाव छापलेलं होतं.

"हे तुझंच ना? का टाकलंस मला?"

चाळिशीचा धिप्पाड माणूस होता तो.

मला सगळं लख्ख आठवलं. पस्तीस वर्षांपूर्वी बालगृहाच्या जुन्या वह्या मी कॉम्प्युटरवर चढवत होते. आईच्या नावाचा रकाना रिकामा सोडायचा नाही, हा नियम प्रोग्राममध्ये मीच घातला होता, आणि सदतीस मुलांच्या पुढे लिहायला नावच नव्हतं. मशीन त्यांची नोंद काही केल्या घेईना. साहेब खेकसले, "बाई, काहीही भरा, पण यादी मला आज हवी!" नुसती आडवी रेघ मारली असती, तरी भागलं असतं. पण पोराच्या आईच्या जागी रेघ मला बघवेना. मी सदतीस वेळा माझं नाव लिहिलं. घरी जाताना वाटलं, आज थोडं पुण्य पदरात पडलं.

हे सगळं मी त्याला सांगितलं, एक शब्दही न लपवता.

तो हसला. "वा, आई! तेव्हा एकदा टाकलंस, आज दारात उभं करून पुन्हा टाकलंस."

उंबऱ्यावर थुंकून तो जिना उतरून गेला.

मी दाराला कडी लावली नाही. अजून छत्तीस जण यायचेत.